वाटा नफ्याचा, भार चित्रकाराचा

चित्रकार हवेत, अशी आवाहने गेल्या काही वर्षांत तरुण कलावंतांच्या नित्य परिचयाची झाली आहेत. त्यांचा सांगाडा बहुधा एकच असतो. लिहिणाऱ्याजवळ एक दीर्घ कथा तयार आहे. ती इंटरनेटवर दर आठवड्याला एक हप्ता याप्रमाणे चित्रकथेच्या रूपाने प्रसिद्ध करावयाची आहे. त्यासाठी चित्रे काढणारा सहकारी पाहिजे. तूर्त मानधन देता येणार नाही, मात्र पुढे जो नफा होईल त्यात निम्मा वाटा मिळेल. भाषा सौजन्याची असते. नोकर हवा, असे कोठेही म्हटलेले नसते. भागीदार, सहकारी, सहनिर्माता असे शब्द योजलेले असतात. समान वाटपाचे तत्त्व ज्यांना प्रिय आहे, त्यांना अशा आवाहनात वावगे काही दिसण्याचे कारण नाही. मालक नाही, मजूर नाही, दोघेही श्रमिक आणि फळ निम्मे निम्मे! समाजवादी अर्थरचनेचे लहानसे रोपटेच जणू. परंतु शब्द समतेचा आहे म्हणून व्यवहारही समतेचा असतोच असे नाही. या व्यवहाराचा हिशेब एकदा मांडून पाहणे अगत्याचे आहे.

चित्रकथेचे एक पान म्हणजे काय श्रम असतात याची कल्पना वाचकाला सहसा नसते. जे पान तो अर्ध्या मिनिटात उलटतो, त्यासाठी चौकटींची मांडणी, पेन्सिलीचे रेखाटन, त्यावर शाई, मग रंगभरणी आणि शेवटी संवादांचे अक्षरलेखन एवढ्या पायऱ्या चढाव्या लागतात. मोठ्या प्रकाशनसंस्थांत ही कामे चार-पाच जणांत विभागलेली असतात. वाट्यावर बोलावलेल्या चित्रकाराला ती बहुधा एकट्यालाच करावी लागतात.

समजा, एका चित्रकथेचे ३२ हप्ते ठरले, प्रत्येक हप्ता सहा पानांचा, आणि चित्रकार दिवसाला एक पान पूर्ण करतो. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस त्याने हेच काम करावयाचे आणि एकंदर १९२ दिवस द्यावयाचे. लेखकाला प्रत्येक हप्त्याची संहिता लिहिण्यास दीड दिवस लागतो असे धरले, तर त्याचे ४८ दिवस होतात. आता दैव अनुकूल ठरले आणि सर्व खर्च वजा जाता ६०,००० रुपये नफा झाला असे मानू. करार निम्म्याचा आहे, तेव्हा प्रत्येकास ३०,००० रुपये मिळतील. लेखकास दिवसाला ६२५ रुपये पडले, चित्रकारास १५६ रुपये आणि काही पैसे. २०२५-२६ या वर्षी रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात ठरविलेली मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. यशस्वी झालेल्या, नफा मिळविलेल्या या भागीदारीत चित्रकाराच्या पदरात खडी फोडणाऱ्याच्या निम्मी मजुरी पडली, आणि तीही काम संपल्यावर!

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, लेखनाचे श्रम केवळ टेबलाशी बसलेल्या तासांनी मोजता येत नाहीत. संहितेमागे दीर्घ चिंतन असते. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून लेखकाचे दिवस दुपटीने, म्हणजे ९६ धरावेत. तरीही त्याला दिवसाला ३१२ रुपये पडतात आणि चित्रकाराला त्याच्या निम्मेच. निम्मा वाटा हा समान वाटा तेव्हाच ठरतो, जेव्हा श्रमही निम्मे असतात. पहिल्याच हिशेबाप्रमाणे दोघांच्या दिवसांना एकच मोल लावले असते, तर ६०,००० रुपयांपैकी १२,००० लेखकाचे आणि ४८,००० चित्रकाराचे झाले असते.

याहून महत्त्वाचा प्रश्न अपयशाचा आहे, कारण या क्षेत्रात अपयश हाच नियम आणि यश हा अपवाद होय. चित्रकथा चालली नाही, तर लेखकाची संहिता लेखकाजवळ राहते. तिची कादंबरी होऊ शकते, नाटक होऊ शकते, दुसरा चित्रकार शोधता येतो. चित्रकाराची १९२ पाने मात्र त्याच कथेशी, त्याच पात्रांशी बांधलेली असतात. त्यांना अन्यत्र बाजारभाव नाही. नमुना म्हणून चार पाने दाखविता येतील, एवढाच त्यांचा उपयोग. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर या उपक्रमात गुंतलेले खरे भांडवल म्हणजे चित्रकाराचे न चुकविलेले वेतन होय. जोखीम पत्करणाऱ्याला नफा, हा भांडवलशाहीचा स्वतःचा नियम आहे. येथे तोही पाळला जात नाही. जोखमीचा मोठा हिस्सा एकाचा आणि निर्णयाचा मोठा हिस्सा दुसऱ्याचा, अशी ही रचना आहे.

वाट्याची पद्धत मराठी मुलुखाला नवी नाही. बटाईने जमीन कसणाऱ्या कुळाची पिळवणूक झाली म्हणून तर १९४८ चा कूळकायदा करावा लागला. परंतु त्या पिळवणुकीच्या व्यवहारातही एक गोष्ट स्पष्ट असे. खळ्यावरची रास दोघांच्या डोळ्यांसमोर असे आणि वाटणी राशीची होई. कोकणच्या किनाऱ्यावर होडीचा वाटा, जाळ्यांचा वाटा आणि खलाशांचे वाटे वेगळे काढले जातात, तेव्हाही पकडलेली मासळी सर्वांच्या देखत मोजलेली असते. इंटरनेटवरील चित्रकथेचा वाटा नफ्यात असतो, आणि नफा ही डोळ्यांना दिसणारी रास नव्हे. तो वहीतला आकडा आहे. जाहिरातीचे उत्पन्न कोणाच्या खात्यावर जमा होते? खर्चात काय काय धरले जाते? प्रसिद्धीसाठी केलेला प्रवास, नव्या संगणकाचा हप्ता, छापील आवृत्तीची न खपलेली प्रत, हे सारे वजा केल्यावर नफा उरतो की नाही? खाते एकाच्या नावावर आणि वहीही त्याच्याच हाती असेल, तर दुसऱ्याचा निम्मा वाटा हा निम्म्या शून्याइतकाही ठरू शकतो.

असे व्यवहार पुढे कोठे जातात, हे चित्रकथांच्या धंद्याचा इतिहास सांगतो. १९३८ साली अमेरिकेत जेरी सीगल हा लेखक आणि जो शुस्टर हा चित्रकार या दोन तरुणांनी ‘सुपरमॅन’ची पहिली १३ पानांची कथा आणि तिच्यासोबत त्या पात्राचे सर्व हक्क १३० डॉलरांना प्रकाशकाच्या हवाली केले. पानाला १० डॉलर! त्या पात्रावर पुढे चित्रपट निघाले, खेळणी निघाली, अपार संपत्ती निर्माण झाली. निर्मात्यांनी न्यायालयाची पायरी चढून पाहिली, परंतु हक्क परत मिळाले नाहीत. १९७५ साली नील ॲडम्स, जेरी रॉबिन्सन आदी व्यवसायबंधूंनी जाहीर मोहीम उघडली, तेव्हा कोठे उतारवयातील त्या दोघांना प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलरांचे निवृत्तिवेतन आणि पात्राच्या निर्मितीचे श्रेय मिळाले. ज्या धनादेशात ते १३० डॉलर समाविष्ट होते, तो कागद २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरांना विकला गेला. निर्मात्यांना जे मिळाले नाही, ते त्यांच्या दारिद्र्याच्या पावतीला मिळाले!

प्रकाशकाने निर्मात्याला नागविले, ही कथा समाजवादी वाचकाला अपरिचित वाटणार नाही. परंतु एका सहकाऱ्याने दुसऱ्याला मागे ढकलल्याचे उदाहरणही याच धंद्यात आहे, आणि तेथे अन्याय लेखकावर झाला. १९३९ साली अवतरलेल्या ‘बॅटमॅन’चे रूप, त्याची पार्श्वभूमी आणि अनेक कथा यांत बिल फिंगर या लेखकाचा मोठा हात होता. प्रकाशकाशी करार मात्र चित्रकार बॉब केन यांनी एकट्याने केला आणि निर्माता म्हणून नाव एकट्याचेच लागत राहिले. फिंगर १९७४ साली निवर्तले. त्यांचे नाव अधिकृतपणे केन यांच्या जोडीने छापले जाण्यास २०१५ साल उजाडले. तेव्हा प्रश्न लेखक विरुद्ध चित्रकार असा नाही. ज्याचे नाव कागदावर नाही त्याचे श्रम विस्मृतीत जातात, मग तो कुंचल्याचा धनी असो वा लेखणीचा.

याच्या उलट घडलेला प्रसंगही नोंदविण्याजोगा आहे. फ्रेंच भाषेतील चित्रकथाकारांनी आपल्या हक्कांसाठी एकत्र येण्याचा प्रयत्न केला, म्हणून १९५६ साली रने गोसिनी या लेखकाला त्याच्या संस्थेने काढून टाकले. चित्रकार अल्बेर युदेर्झो त्याच्या बाजूने उभा राहिला. १९५९ साली ‘पिलोत’ नावाचे साप्ताहिक सुरू करण्यात हे दोघे सहभागी होते आणि त्याच्या पहिल्याच अंकातून त्यांची ‘ॲस्टेरिक्स’ ही चित्रकथा क्रमशः येऊ लागली. लेखक आणि चित्रकार यांची नावे तिच्यावर बरोबरीने लागली. तेथे भागीदारीचा उगम सामायिक लढ्यात होता. एकाने दुसऱ्याला बोलावून घेतल्यात नव्हता.

हा सारा छापील कागदाच्या काळातला इतिहास झाला, इंटरनेटने मधला प्रकाशक नाहीसा केला, असे सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी की, प्रकाशकाची जागा त्याहून विशाल अशा कंपन्यांनी घेतली आहे. दक्षिण कोरियातील नेव्हर या कंपनीने २००४ साली मोबाइल-संगणकावर वाचावयाच्या चित्रकथांचा उपक्रम सुरू केला. त्याची वेबटून ही कंपनी जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजारात उतरली. त्या वेळी गुंतवणूकदारांपुढे ठेवलेल्या निवेदनात दरमहा सुमारे १७ कोटी वाचक आणि सुमारे २ कोटी ४० लाख निर्माते असल्याचे नमूद होते. २०२३ साली एक लाख डॉलर वा त्याहून अधिक मिळविणाऱ्या निर्मात्यांची संख्या त्याच निवेदनात ४८३ अशी दिली होती. मधल्या पायऱ्यांवरही काही जणांना बऱ्यापैकी उत्पन्न होते, हे मान्य केले तरी कोट्यवधींच्या या गर्दीत बहुतेकांच्या वाट्याला काय येत असेल, ते सांगण्यास अर्थशास्त्र्याची गरज नाही. या गर्दीचे फुकट श्रम हाच कंपनीचा कच्चा माल असतो. ज्या शेकडो कथा चालत नाहीत त्यांचा खर्च निर्माते सोसतात, जी एक चालते तिच्यावर कंपनी करार करते.

कोरियात व्यावसायिक करार झाल्यावर ‘किमान हमी’ म्हणून काही रक्कम देण्याची पद्धत आहे. नाव हमीचे असले तरी पुष्कळदा ती पुढील वाट्यातून वळती करून घेतली जाते, म्हणजे ती आगाऊ उचल असते. महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांना उचल म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आठवड्याच्या हप्त्याचा ताण हा आणखी एक विषय. ‘सोलो लेव्हलिंग’ या जगभर गाजलेल्या कथेचा चित्रकार जांग सुंग-राक याचे जुलै २०२२ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने अकाली निधन झाले. त्यास पूर्वीचा आजार होता, तेव्हा मृत्यूचे कारण केवळ कामाला लावणे योग्य होणार नाही. परंतु त्या निमित्ताने तेथील चित्रकारांनी आपल्या साप्ताहिक वेठीचा प्रश्न उघडपणे मांडला. मार्च २०२३ मध्ये ली वू-यंग या चित्रकाराचा मृत्यू झाला. ज्या पात्रांना त्याने स्वतः रूप दिले, ती वापरल्याबद्दल त्याच्याच व्यावसायिक सहकाऱ्यांनी त्याला वर्षानुवर्षे न्यायालयात खेचले होते. पात्रांच्या नोंदणीत, त्यांचे जनक नसलेल्यांची नावेही सहनिर्माते म्हणून लागलेली होती. त्याच्या मृत्यूनंतर ती नोंदणी रद्द झाली.

भारतात कायदा काय सांगतो, हे वाट्यावर काम करणाऱ्यांना माहीत असणे इष्ट आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर भागीदारांना नफ्यात समान वाटा असतो. मात्र तोटाही समानच सोसावा लागतो. हिशेबाच्या वह्या पाहण्याचा आणि त्यांची नक्कल घेण्याचा हक्क प्रत्येक भागीदारास आहे. परंतु त्याच कायद्यात असेही म्हटले आहे की, कामाचा मोबदला म्हणून नफ्याचा हिस्सा मिळतो एवढ्यानेच कोणी भागीदार ठरत नाही. म्हणजे आवाहनात ‘भागीदार’ म्हणविलेला चित्रकार कायद्याने भागीदार असेलच, याची शाश्वती नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा त्याच्या अधिक उपयोगी पडणारा आहे. चित्रकार पगारी नोकर नसेल आणि मोबदल्यावर काढून घेतलेल्या काही विशिष्ट प्रकारच्या कामांत ती चित्रे मोडत नसतील, तर चित्रांचा पहिला मालक तोच असतो. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ते पाच वर्षांपुरते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते मानले जाते. तोंडी आश्वासनावर वर्षभर राबणाऱ्याने ही तीन वाक्ये तरी पाठ करावीत.

या कायद्यात एक उणीव मात्र उरली आहे. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटांत वापरलेल्या साहित्यकृती व संगीतकृती यांच्या कर्त्यांना चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या मानधनात समान वाटा दिला, आणि तो हक्क कराराने सोडून देताही येणार नाही अशी तरतूद केली. गीतकार-संगीतकारांच्या दीर्घ मागणीचे ते फळ होते. परंतु या संरक्षणात चित्रकृतींचा समावेश नाही. उद्या एखाद्या चित्रकथेवर चित्रपट निघाला, तर तिच्या लेखकाला त्या तरतुदीचा आधार मागता येईल. ज्याने त्या पात्रांना चेहरा दिला त्या चित्रकाराला तो नाही. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम यांच्या रेषांवर ज्या राज्यातील पिढ्या पोसल्या, त्या राज्याच्या लोकप्रतिनिधींनी ही उणीव संसदेत मांडावयास हवी.

तेव्हा वाट्यावरचे काम सर्वस्वी त्याज्य समजावे काय? तसा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. चित्रकार शोधणारा लेखक हा भांडवलदार नसतो. बहुधा तोही बेकार किंवा अर्धवेळ नोकरी करणारा तरुण असतो. त्याच्या खिशात द्यावयास पैसे नसतात, हे खरेच असते. पैसे असलेल्यांनीच कथा सांगाव्यात, असा नियम करणे म्हणजे कलेचे क्षेत्र पुन्हा सावकारांच्या हवाली करणे होय. वाटा अवश्य असावा. मात्र तो कशात आहे, हा प्रश्न आधी सुटला पाहिजे.

याचे एक उजळ उदाहरण महाराष्ट्राच्याच भूमीवर घडले आहे. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. तिच्या पाच भागीदारांत व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर होते, पैसा उभा करणारे सीतारामपंत कुलकर्णी होते, आणि विष्णुपंत दामले व एस. फत्तेलाल हे दोन चित्रकार होते. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले हे कलावंत पगारावर नव्हते आणि एखाद्या चित्रपटाच्या संभाव्य नफ्याच्या आशेवरही नव्हते. कॅमेरे, स्टुडिओ, तयार झालेले चित्रपट, या सर्वांत त्यांची मालकी होती. काय काढावयाचे याच्या निर्णयात त्यांचा शब्द होता. त्यांनीच दिग्दर्शित केलेल्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’ने व्हेनिसपर्यंत कीर्ती नेली. पुढे मतभेद झाले, १९४२ साली शांताराम बाहेर पडले, कालांतराने कंपनीही मिटली. परंतु ज्या वाट्याला मालकी आणि मताधिकार यांचे बळ आहे, तोच खरा वाटा, हा धडा मागे राहिला.

त्या धड्याला आजच्या चित्रकथांच्या संदर्भात व्यवहार्य रूप देता येते. दोघांचेही दिवस पहिल्यापासून वहीत लिहावेत आणि त्यांना एक दर लावावा. ती रक्कम हे उपक्रमावरील पहिले देणे समजावे. ते फिटल्यावर उरेल त्यालाच नफा म्हणावे आणि तो हवा तर निम्मा निम्मा करावा. उत्पन्नाचे खाते दोघांच्या नावे असावे आणि दर तीन महिन्यांनी हिशेब व्हावा. पात्रांची मालकी सामायिक असावी, म्हणजे चित्रपट, खेळणी वा भाषांतर यांचा सौदा दोघांच्या सहीविना होणार नाही. भागीदारी मोडल्यास काढलेली पाने चित्रकाराची आणि लिहिलेली संहिता लेखकाची राहावी. आणि पहिल्याच भेटीत ३२ हप्त्यांची आण घेण्याऐवजी आठ-दहा पानांची एक पूर्ण कथा करून पाहावी. परस्परांची आणि वाचकांची परीक्षा स्वस्तात होते.

एवढ्याने दोन व्यक्तींमधील न्याय साधेल. कंपनीपुढे मात्र दोन व्यक्ती दुबळ्याच राहतील. तेथे संघटनेविना गत्यंतर नाही. १९४७ साली काही छायाचित्रकारांनी मॅग्नम ही सहकारी संस्था काढली, ती आपल्या छायाचित्रांचे हक्क आपल्याच हाती राहावेत म्हणून. महाराष्ट्रात १९६० च्या सहकार कायद्याखाली दहा जणांना संस्था नोंदविता येते. साखर, सूत आणि दूध यांचा सहकार येथे उभा राहिला. रेषेचा सहकार उभा राहू नये असे काही नाही. चित्रकथाकारांची अशी एखादी संस्था नमुना-करार तयार करील, हिशेब तपासील, कंपनीशी एकत्र बोलेल आणि चालणाऱ्या कथेच्या उत्पन्नातून न चालणाऱ्या कथेच्या चित्रकाराला काही आधार देईल. जोखमीची वाटणी याला म्हणतात.

या विषयाचा चळवळीशी संबंध काय, असे एखाद्या कार्यकर्त्यास वाटण्याचा संभव आहे. त्याने मोर्चाच्या आदल्या रात्रीचे कार्यालय आठवावे. भित्तिपत्रके रंगविणारा मुलगा पहाटेपर्यंत जागतो. छापखान्याचे बिल दुसऱ्या दिवशी चुकते होते, मांडववाल्याचे आठवड्यात होते, आणि चित्रकाराला ‘तू तर आपलाच’ असे सांगून निरोप दिला जातो. ध्येयापोटी केलेला श्रम पवित्र आहे, यात वाद नाही. तो स्वेच्छेचा असावा आणि निदान मोजलेला असावा, एवढेच मागणे आहे. श्रमाला मूल्य आहे असे सांगत फिरणाऱ्या पक्षाने कार्यालयाच्या भिंतीवर हात चालविणाऱ्याचे श्रम मोजण्यापासून प्रारंभ केला, तर नफ्याच्या वाट्याची आवाहने काढणाऱ्या तरुणांना सांगण्याचा अधिकार त्याला सहज प्राप्त होईल.